‘आपण’ म्हणजे नेमके कोण? समुदाय आणि त्यातली एकट्या माणसाची जागा

‘आम्ही निघतो’ असे म्हटले की समोरचा माणूस मागे राहतो. ‘आपण निघू या’ असे म्हटले की तो बरोबर येतो. जगातल्या कितीतरी भाषांना हा भेद एका सर्वनामात करता येत नाही. मराठी मुलाला तो शाळेत जाण्याआधीच येतो, आणि आपल्याला खेळात घेतलेले नाही हे त्याला बऱ्याचदा त्या एका शब्दावरूनच कळते: ‘आम्ही खेळतोय.’ ‘आपण’ या शब्दाचा पसारा एवढ्यावर थांबत नाही. ‘आपण कधी आलात?’ या वाक्यात तो आदराने उच्चारलेला ‘तुम्ही’ होतो, आणि ‘त्याने आपण होऊन कबूल केले’ या वाक्यात तो ‘स्वतः’ होतो. व्युत्पत्तीने तो संस्कृतातल्या ‘आत्मन्’पासून प्राकृतातल्या ‘अप्पण’मार्गे मराठीत आला आहे. म्हणजे मुळात जो शब्द ‘स्वतः’साठी होता, त्यातच पुढे समोरचा माणूस आणि भोवतालची सगळी मंडळी येऊन बसली. समुदाय म्हणजे काय आणि त्यात एकट्या माणसाची जागा कोणती, हा समाजशास्त्राचा आणि तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न आहे. तो उलगडायला मला या शब्दाहून सोपी सुरुवात सापडत नाही.

आधी एकमेकांच्या जवळचे वाटणारे काही शब्द वेगळे करून घेऊ. अचानक पाऊस आला आणि वीस अनोळखी माणसे एका छपराखाली उभी राहिली, तर ती गर्दी आहे. एकाच रक्तगटाच्या वीस माणसांची नावे एकाखाली एक लिहिली, तर तो वर्ग आहे. त्यांच्यात साम्य आहे, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि यादी फाडली की वर्गही संपतो. आता छपराखालच्या गर्दीतल्या एका म्हाताऱ्या माणसाला चक्कर आली, कोणी त्याला टेकवून बसवले, कोणी वारा घातला, कोणी भिजत वाहन शोधायला धावले, तर त्या पंधरा मिनिटांपुरते तिथे काहीतरी निराळे घडलेले असते. न सांगता कामे वाटली गेलेली असतात आणि प्रत्येकाने दुसऱ्यावर भिस्त ठेवलेली असते. पण पाऊस थांबला की ती माणसे आपापल्या वाटेने जातात. ज्याला समुदाय म्हणायचे तो याच्या पुढे सुरू होतो: तीच माणसे पुन्हा भेटतात, कोणी काय केले ते लक्षात राहते, आणि ‘मागच्या वेळी तो धावला होता, या वेळी मी’ हे हिशेब न मांडताही ठरत जाते. समुदायाला आठवण लागते आणि उद्याचा भरवसा लागतो. नुसते साम्य त्याला पुरत नाही.

या फरकाला सर्वांत नेमके शब्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दिले आहेत, असे मला वाटते. आयोजकांनी अधिवेशनच रद्द केल्यामुळे जे कधी झाले नाही आणि १९३६ साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले, त्या भाषणात ते म्हणतात की माणसे शेजारी शेजारी राहतात म्हणून त्यांचा समाज होत नाही, आणि त्यांच्या सवयी, श्रद्धा, विचार सारखे आहेत म्हणूनही होत नाही. कारण सारख्या गोष्टी असणे वेगळे आणि गोष्टी सामाईक असणे अगदी वेगळे. कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे शिक्षक जॉन ड्यूई यांनीही १९१६ मध्ये हाच धागा पकडला होता: माणसे ज्या गोष्टी सामाईक धरतात त्यांच्या बळावर त्यांचा समुदाय होतो, आणि गोष्टी सामाईक होण्याचा मार्ग म्हणजे परस्परांतला संवाद. ‘सामाईक’ हा शब्द घरा-जमिनीच्या कागदपत्रांत रोज वापरला जातो आणि तिथे त्याचा अर्थ फार स्वच्छ आहे. दोन घरांच्या भिंती एकाच विटेच्या आणि एकाच रंगाच्या असतील तर त्या सारख्या. दोन घरांत मिळून एकच भिंत असेल तर ती सामाईक. सारखी भिंत शेजाऱ्याला न विचारता पाडता येते. सामाईक भिंतीत खिळा ठोकतानाही पलीकडे कोणी झोपले असेल का, हे मनात येते, कारण तीच भिंत दोन्ही घरांचे छप्पर पेलत असते. एकाच भाषेची, एकाच पेहरावाची, एकाच श्रद्धेची हजार माणसे एकमेकांना परकी असू शकतात. आणि भिन्न भाषांची दहा माणसे एखादी सामाईक भिंत सांभाळता सांभाळता समुदाय होऊन जातात.

समुदाय माणसाला काय देतो हे एरवी नजरेत येत नाही, कारण तो जन्मापासून भोवती असतो. पन्नासेक वर्षांपूर्वी एका ठिकाणी मात्र ते देणे अभ्यासकांच्या डोळ्यांदेखत घडू लागले, आणि त्या घटनेपाशी मी थोडा जास्त थांबणार आहे. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा या देशात १९७० च्या दशकापर्यंत बहिऱ्या मुलांना स्वतःची अशी सामाईक भाषाच नव्हती. बहुतेक मुले ऐकू येणाऱ्या माणसांच्या घरांत एकेकटी वाढत. आईशी, भावंडांशी बोलण्यासाठी प्रत्येकाने काही खुणा तयार केलेल्या असत. त्या त्या घरापुरत्या चालत आणि घराबाहेर कोणालाही कळत नसत. १९७७ मध्ये मानाग्वा या राजधानीत एका विशेष शाळेत अशी सुमारे पन्नास मुले एकत्र आली. १९८० मध्ये थोड्या मोठ्या मुलांसाठी व्यवसायशिक्षणाची शाळा निघाली आणि १९८३ पर्यंत दोन्ही शाळांत मिळून चारशेहून अधिक मुले झाली. शिक्षकांचा भर ओठांच्या हालचाली ओळखून स्पॅनिश शिकवण्यावर होता, आणि त्यात फारसे यश येत नव्हते. पण मैदानात आणि शाळेच्या बसमध्ये मुलांचे हात चालूच होते. एकाची खूण दुसऱ्याने उचलली, दोन घरांतल्या दोन वेगळ्या खुणांपैकी एक मागे पडली, एक टिकली. आणि काही वर्षांतच तिथे जी उभी राहिली ती जगात याआधी कुठेच नसलेली एक नवी खुणांची भाषा होती.

१९८६ मध्ये ज्युडी केगल या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ तिथे पोहोचल्या, आणि त्यांच्या व त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. मागाहून आलेली धाकटी मुले मोठ्यांपेक्षा अधिक सफाईने आणि अधिक नियमबद्ध बोलत होती. ॲन सेंघास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे फार जवळून दाखवले आहे. उतारावरून कोणी गडगडत खाली येत आहे, असे दृश्य शाळेत आधी आणि नंतर आलेल्या, वेगवेगळ्या पिढ्यांतल्या बहिऱ्या माणसांना दाखवून ते सांगायला लावले. पहिल्या पिढीतले बहुतेक जण हात गोल फिरवत एकदमच खाली आणत, म्हणजे ऐकू येणारी माणसे बोलता बोलता जसा हातवारा करतात तसा. नंतरच्या पिढ्यांतली मुले त्या एका हालचालीचे दोन तुकडे करू लागली: आधी ‘गडगडणे’, मग ‘खाली’. वरवर पाहता ही पीछेहाट वाटते, कारण दृश्याचे हुबेहूब चित्र मोडले. पण दोन तुकडे सुटे झाले की ते सुटे शब्द होतात. ‘गडगडणे’ दुसऱ्या दिशेला जोडता येते, ‘खाली’ दुसऱ्या क्रियेला जोडता येते. चित्राची भाषा झाली ती या मोडण्यामुळे, आणि ते मोडणे कोणत्याही समितीने ठरवलेले नव्हते. ते लहान मुलांनी, आधीच्या मुलांकडून मिळालेले शिकता शिकता केले.

समुदाय आणि व्यक्ती यांच्याविषयी मला जे सांगायचे आहे ते जवळजवळ सगळे या घटनेत आहे. यातले मूल कितीही हुशार असले तरी एकटे असताना त्याची मजल खुणांपर्यंतच गेली. ‘मला काय वाटते’ हे नेमके सांगायची, म्हणजे सर्वांत खाजगी म्हणावी अशी गोष्ट, त्याला इतरांमध्ये आल्यावरच करता आली. आणि त्याच वेळी ज्या भाषेने त्याला हे दिले, ती त्याच्यासारख्या मुलांवेगळी कुठेच अस्तित्वात नव्हती. प्रत्येक मूल घेत होते आणि घेता घेता बदलत होते. म्हणून ‘आधी व्यक्ती की आधी समाज’ हा वाद मला, मोठमोठ्या विचारवंतांनी घातलेला असला तरी, चुकीच्या जागी अडलेला वाटतो. सुटी माणसे आपापला फायदा पाहून करार करतात आणि त्यातून समाज होतो, असे मानणारे एका बाजूला असतात. माणूस आधी परंपरेतून घडतो आणि मग निवड करू लागतो, असे सांगणारे दुसऱ्या बाजूला. शब्द आधी की भाषा आधी, असे विचारण्यासारखेच हे आहे.

जुन्या अभ्यासकांना मात्र दुसरीच काळजी होती. जर्मन समाजशास्त्रज्ञ फर्डिनांड टॉनीज यांनी १८८७ मध्ये माणसांच्या एकत्र राहण्याचे दोन प्रकार मांडले: नात्याचा, शेजाराचा, सहवासाचा घट्ट समुदाय, आणि करारावर, कामापुरत्या संबंधांवर चालणारा मोठा समाज. शहरे आणि कारखाने वाढतील तसा पहिला प्रकार विरत जाईल, अशी हुरहुर त्यांच्या मांडणीत आहे. सहा वर्षांनी फ्रान्समध्ये एमील दुर्खाइम यांनी जवळजवळ उलट सांगितले. जुन्या समाजात माणसे सारखी असतात म्हणून बांधलेली असतात. नव्या समाजात ती वेगळी असतात, वेगवेगळी कामे करतात आणि म्हणूनच त्यांना एकमेकांवाचून चालत नाही. शरीरातले अवयव एकसारखे नसतात म्हणून शरीर चालते, तसे. दुर्खाइम यांनी पुढे हेही दाखवले की माणूस समुदायापासून फार सुटा झाला तर त्याचे जगणे धोक्यात येते, आणि समुदायात पुरता विरघळून गेला तरीही येते. हा दुसरा अर्धा भाग आपण फार लवकर विसरतो.

त्यांच्याच काळातले जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०८ मध्ये मांडलेला विचार मला या सगळ्यांहून जास्त उपयोगी वाटतो. माणूस ज्या ज्या मंडळात असतो ते प्रत्येक मंडळ म्हणजे एक वर्तुळ, अशी कल्पना करा. जो माणूस एकाच वर्तुळात जन्मतो, तिथेच काम करतो, तिथेच लग्न करतो आणि तिथेच पूजाअर्चा करतो, त्याची सगळी ओळख त्या वर्तुळाच्या हाती असते. तिथून बाहेर पडला की तो कोणीच राहत नाही. पण जी बाई एका कुटुंबातली आहे, एका कामाच्या ठिकाणची आहे, एका गाण्याच्या गटातली आहे, एका रुग्णसेवेच्या मंडळातली आहे, तिच्या ठिकाणी ही चार वर्तुळे एकमेकांना छेदतात. आणि नेमकी तीच चार वर्तुळे ज्या बिंदूपाशी एकत्र येतात, अशी दुसरी व्यक्ती बहुधा सापडत नाही. समुदायांशी संबंध जितके अधिक आणि जितके वेगवेगळे, तितका माणूस अधिक एकमेव होतो, असे झिमेल सांगतात. व्यक्तित्व जपायचे तर समुदायापासून दूर राहिले पाहिजे, ही आजची सररास समजूत यामुळे पार उलटी होते. एका वर्तुळात अन्याय झाला तर दुसऱ्या वर्तुळात पाय टेकायला जागा असते, हा त्यातला आणखी एक, अगदी रोजच्या कामाचा फायदा आहे.

अशा संबंधांचा परिणाम आयुर्मानावरही दिसतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात १४८ अभ्यासांतली, तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून तपासली गेली, आणि ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी अधिक आढळली. घरात कोणी सोबत राहते का, एवढ्यापुरते पाहिले तर हा परिणाम बराच कमी दिसत होता. माणूस किती वेगवेगळ्या प्रकारे इतरांत गुंतलेला आहे हे पाहिले, तेव्हा तो सर्वांत ठळक दिसला.

आता ‘जागा’ या शब्दाकडे येऊ. समुदायात माझी जागा आहे, म्हणजे नेमके काय आहे? यादीत नाव असणे ही जागा नव्हे. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकट्याने ओढताना माणूस जेवढा जोर लावतो तेवढा तो इतरांबरोबर ओढताना लावत नाही, आणि दोराला माणसे वाढत जातील तसा प्रत्येकाचा वाटा घटत जातो. आठ जणांपर्यंत पोहोचेतो तो सरासरी निम्म्यावर आलेला होता. यातला काही भाग एकाच क्षणी सर्वांना ओढता न आल्यामुळे वाया जातो. पण पुढच्या काळात डोळे बांधलेल्या माणसाला, इतरही ओढत आहेत असे नुसते भासवून, प्रयोग झाले तेव्हाही त्याचा जोर कमी पडला. याला आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि बहुतेक मंडळांत तसेच होते. अध्यक्ष रागावतात, सभासद खाली माना घालतात. १९८० च्या आसपास टाळ्या आणि ओरडण्याचे आवाज मोजणारे प्रयोग झाले, त्यांनी यावरचा उपायही दाखवला: माझा आवाज वेगळा मोजला जात आहे असे माणसाला कळले की तो पुन्हा पूर्ण जोर लावतो. म्हणजे माणसाला समुदायात काम नको असते असे नाही. आपले केलेले कोणाला दिसत नाही आणि न केलेलेही कोणाला जाणवत नाही, अशा ठिकाणी तो हळूहळू हात सैल सोडतो. ज्याच्या नसण्याने काही उणे पडत नाही, त्याला तिथे जागा नाही, मग नावापुढे पद कितीही मोठे असो.

याची एक प्रचीती मला समूहगानात मिळाली. पहिल्याच दिवशी एक दीर्घ स्वर धरायचा होता, कोणाच्याही दमाला झेपणार नाही इतका लांब. आमच्या गुरुजींनी सांगितले, ‘श्वास संपला की बेलाशक घ्या, फक्त शेजारी घेतोय त्याच वेळी घेऊ नका, आणि परत येताना हळूच शिरा, दार आपटून येऊ नका.’ त्यानंतर जे ऐकू आले ते अखंड होते. तीस माणसांपैकी प्रत्येक जण मध्येच थांबत होता आणि स्वर कुठेही तुटत नव्हता. मला थांबता येत होते, कारण बाकीचे धरून होते. आणि मी थांबलो तेव्हा डावीकडच्या बाईंनी आवाज किंचित वाढवल्याचे माझ्या कानांना कळत होते. थोड्या वेळाने त्या थांबल्या आणि तेच मी केले. कोणीच कोणाकडे पाहिले नव्हते. समुदाय माणसाकडून अखंड त्याग मागतो, असे जे आपल्या मनावर बिंबवलेले असते, त्याहून हे फार निराळे आहे. इथे विसावा हा व्यवस्थेचाच भाग होता, फक्त तो शेजाऱ्याचे भान ठेवून घ्यायचा होता.

गाण्यात हे सहज जमते. गवताच्या कुरणाचा प्रश्न आला की अवघड होते. पर्यावरणाचे अमेरिकी अभ्यासक गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये असे मांडले की सामाईक कुरण असले की प्रत्येक जण आणखी एक जनावर सोडेल, कारण फायदा त्याच्या एकट्याचा आणि तोटा सगळ्यांत वाटलेला. आणि अखेर कुरण उजाड होईल. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुस्तकी कुरण बाजूला ठेवून जगातली खरी कुरणे, पाटपाण्याच्या व्यवस्था आणि मासेमारीचे पट्टे पाहिले, आणि कित्येक ठिकाणी माणसांनी शतकानुशतके ते सामाईक ठेवूनही टिकवल्याचे दाखवले. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, वर्ष २००९. त्यांच्या उदाहरणांत स्वित्झर्लंडमधले तोर्बेल हे डोंगराळ गाव आहे. तिथल्या रहिवाशांनी १४८३ मध्ये सह्या करून डोंगरावरचे कुरण, जंगल आणि पडीक जमीन यांच्यासाठी आपली संस्था बांधली, आणि १५१७ मध्ये एक नियम लिहिला: हिवाळ्यात जितक्या गायी तुम्ही स्वतः पोसू शकता, तितक्याच उन्हाळ्यात कुरणावर पाठवा. एका वाक्याचा हा नियम मला फार देखणा वाटतो. त्यात कोणाच्या चांगुलपणावर हवाला ठेवलेला नाही आणि कोणावर अविश्वासही दाखवलेला नाही. प्रत्येकाचा वाटा त्याच्या स्वतःच्या कष्टांना बांधलेला आहे, आणि कोणाच्या गोठ्यात किती गायी आहेत हे साऱ्या गावाला दिसते. टिकलेल्या अशा व्यवस्थांमध्ये ऑस्ट्रॉम यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: नियम ज्यांच्यावर लागू होतात त्यांना ते बदलण्यात बोलायला मिळते, देखरेख करणारा त्यांच्यातलाच किंवा त्यांना जबाबदार असतो, आणि पहिल्या चुकीला शिक्षा हलकी असते. पहिल्या चुकीला हलकी शिक्षा म्हणजे चुकलेल्याला ‘तू अजून आमच्यातलाच आहेस’ असे कळवणे.

मात्र १४८३ च्या त्याच दस्तऐवजात आणखी एक कलम आहे: बाहेरच्या माणसाने गावात जमीन घेतली तरी त्याला सामाईक कुरणावर कोणताही हक्क मिळणार नाही. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ एकाच कागदावर, एकाच शाईत. सीमा आखल्याशिवाय सामाईक गोष्ट सांभाळता येत नाही, हे ऑस्ट्रॉम यांनीही मान्य केले आहे, आणि मलाही ते नाकारता येत नाही. पण सीमा गायींच्या संख्येची आहे की जन्माची, हा प्रश्न प्रत्येक समुदायाला विचारला पाहिजे. गायींची सीमा कोणालाही पाळून आत येता येते. जन्माच्या सीमेपुढे माणसाने काहीही केले तरी तो बाहेरच राहतो, आणि अशा ठिकाणी आतल्यांचा जिव्हाळा कितीही खरा असला तरी त्याची किंमत बाहेरचा माणूस मोजत असतो.

आतल्या माणसालाही किंमत मोजावी लागते, ती निराळी. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५१ पासून केलेले प्रयोग त्यासाठी पाहावे लागतात. एका खोलीत काही तरुण रांगेत बसलेले आहेत. समोर एका कागदावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन; पहिल्या रेघेएवढी कोणती, एवढेच सांगायचे. उत्तर लहान मुलालाही दिसेल इतके उघड आहे. पण त्या रांगेतला एकच जण खरा परीक्षार्थी आहे, बाकी सगळे आधी पढवलेले आहेत आणि काही वेळा ते एकमुखाने चुकीची रेघ सांगतात. त्याची पाळी शेवटाकडे येते. अशा वेळी साधारण तीनांतली एक उत्तरे बहुमताच्या चुकीकडे झुकली. तीन-चतुर्थांश माणसे निदान एकदा तरी डोळ्यांना दिसलेले सोडून इतरांनी म्हटलेले बोलली. बहुतेक वेळा एवढेच सांगून लोक थांबतात आणि माणूस मेंढरासारखा आहे, असा निष्कर्ष काढतात. उरलेली दोन-तृतीयांश उत्तरे बरोबर होती, हे सांगायचे राहून जाते. आणि त्याहून मोलाची गोष्ट पुढच्या प्रयोगांत आहे: पढवलेल्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी परीक्षार्थीच्या चुका पूर्वीच्या एक-चतुर्थांशावर आल्या. इतकेच काय, त्या एकाचे उत्तर चुकीचे, पण बहुमताहून वेगळे असले तरीही दबाव सैल पडला. खोलीत ‘नाही’ म्हणता येते, एवढे दिसले की पुरे होते.

त्यामुळे सगळ्यांविरुद्ध बोलणारा माणूस समुदाय मोडतो, हे म्हणणे मला पटत नाही. तो बहुतेक वेळा शेजारी गप्प बसलेल्या माणसाला त्याचे डोळे परत देत असतो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये बजावले होते की सरकारच्या जुलमापेक्षा समाजाचा जुलूम अधिक खोल जातो, कारण तो रोजच्या जगण्याच्या बारीकसारीक गोष्टींत शिरतो आणि त्यातून सुटायला वाटा कमी असतात. वाटांचाच विचार अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये केला. जिथे काही बिनसले आहे तिथे माणसापुढे दोन मार्ग असतात, सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. आणि यांतला कोणता तो निवडेल हे बरेचसे त्याच्या निष्ठेवर ठरते. निष्ठावान माणूस लगेच जात नाही, तो आधी बोलतो. म्हणजे जो तक्रार करतो त्याच्या मनात अजून आशा असते, आणि ज्या दिवशी तो तक्रार थांबवतो तो दिवस खरा काळजीचा. ज्या समुदायात जाण्याची मोकळीक नाही तिथे बोलण्यालाही धार येत नाही, कारण ऐकणाऱ्याला ठाऊक असते की हा जाऊन जाऊन जाईल कुठे. माणसाची जागा खरी असायला दोन दारे लागतात: आत येण्याचे आणि बाहेर पडण्याचे.

नवीन माणूस एखाद्या मंडळात येतो तेव्हा त्याच्या बोलण्याकडे लक्ष द्या. सुरुवातीला तो ‘तुमच्यात हे कसे करतात?’ असे विचारतो. काही महिने तो ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ दोन्ही टाळूनच बोलतो. ‘इथे’, ‘या गटात’ अशी वळणे घेतो. मग एखाद्या साध्याशा दिवशी, खुर्च्या रचताना किंवा बैठकीची वेळ ठरवताना, तो म्हणतो, ‘आपल्याला हे बदलायला हवे.’ आमच्या गाण्याच्या गटात उशिरा आलेल्या एका मुलीने असे म्हटले, तेव्हा तिचे म्हणणे सरावाच्या वेळेविरुद्ध होते आणि जुन्यांपैकी निम्म्यांना ते आवडले नाही. बराच वेळ वाद झाला. पण त्या वादात ‘तुम्हाला काय करायचे आहे?’ असे तिला कोणीही विचारले नाही, आणि पुढच्या आठवड्यात ती आली नाही तेव्हा स्वर धरताना डावीकडची बाजू कमी पडत असल्याचे सगळ्यांना ऐकू आले.